कागदाचे इंजिनिअर

आमच्या गावात दोन इंजिनिअर होते आणि दोघांकडेही इंजिनिअरची पदवी नव्हती. एक विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचा, तो पंपाचा इंजिनिअर. दुसरे हे. यांच्या घरातून बारा महिने छापील कागद बाहेर पडायचा. दोन्ही कडांना भोकं पाडलेला तो सलग कागद एकदा सुरू झाला की थांबायचं नाव घ्यायचा नाही. एका सकाळी प्रिंटर चालू ठेवून हे आंघोळीला गेले, तर कागद उंबरा ओलांडून, गल्ली ओलांडून थेट मारुतीच्या पारापर्यंत आला आणि पारावरच्या मंडळींनी त्याचे पहिले वीस हात वाचून काढले. कुणाला विश्वास बसत नसेल तर मी साक्षीला आहे. पारावर मीच बसलो होतो. तेव्हापासून हे कागदाचे इंजिनिअर.

त्यांना झाकणाचा तिटकारा होता. घरातल्या रेडिओची पेटी त्यांनी काढून टाकली होती. बातम्या लागल्या की निवेदिकेचा आवाज नेमका कुठल्या तारेतून येतो ते ते आल्यागेल्याला बोटाने दाखवत, आणि बोट चुकून तारेला लागलं की बातम्या पुरत्या थांबत, बोटाचा मालकही थांबे. भिंतीवरच्या घड्याळाची पाठ उघडी करून ते तोंड भिंतीकडे करून टांगलेलं. त्यात वेळ कळायची नाही, पण वेळ कशी होते ते दिसायचं. कुकरला मात्र नाइलाजाने झाकण लावावं लागे. तेवढ्या तीन शिट्ट्या ते अंगणात येऊन उभे राहत.

"झाकण असतं तिथं दोनच गोष्टी असतात, टायपिंगवाले," ते मला म्हणायचे. "एक तर आत काही नसतं, नाहीतर आत जे आहे ते बरोबर नसतं."

मी त्यांना साहेब म्हणे आणि मला ते टायपिंगवाले म्हणत, कारण बेलापूरच्या पेठेत माझी टायपिंग इन्स्टिट्यूट होती. राहायला आणि शेतीला मी गावातच, त्यांच्या वावराला वावर लागून.

त्यांच्या दारावर चहाची कृती चिकटवलेली होती. पाणी किती, साखर किती, पत्ती कधी, सगळं ओळीओळीने, प्रत्येक ओळीला नंबर. खाली सूचना: 'बदल सुचवायचा असल्यास बदल, कारण आणि स्वतःचे नाव लिहावे.' लोक लिहीत. एकाने आलं घालायला लावलं, एकाने गवती चहा, एकाने ओवा, कारण त्याचं पोट. अकराव्या बदलानंतर त्या चहात चहा उरला नव्हता. पण कुठल्या घोटाला कोण जबाबदार आहे ते नावानिशी कळत होतं, आणि साहेबांच्या मते चहाकडून माणसाने याहून जास्त मागू नये.

हे पूर्वी पुण्यात एका कंपनीत आज्ञावली लिहायच्या नोकरीत होते. आज्ञावली म्हणजे संगणकाला काय काय करायचं ते सांगणारं लांबलचक पत्र; एकेक ओळ, प्रत्येक ओळीला नंबर, दहा, वीस, तीस असा. कंपनीने त्यांच्यापुढे एक कागद ठेवला: तुम्ही इथे जे लिहाल ते कंपनीचं, ते कुणालाही दाखवायचं नाही. यांनी विचारलं, "मी स्वतःला दाखवलं तर चालेल का?" कंपनीच्या वरिष्ठांनी एकमेकांकडे पाहिलं आणि वकिलाला विचारून सांगतो म्हणाले. वकिलाचं उत्तर यायच्या आत हे दुधाच्या रिकाम्या टेम्पोत संगणक, प्रिंटर आणि कागदाचे सहा खोके घालून गावात उतरले होते.

आल्या आल्या त्यांनी मंडळ काढलं. परदेशात म्हणे काही माणसांचा असा पंथ आहे, जी आज्ञावली लिहितात आणि ती आतल्या मजकुरासकट जगाला मोकळी करून देतात. हे त्यांनी एका मासिकात वाचलं होतं. त्या पंथाला त्यांनी चार पानी पत्र धाडलं. उत्तर आलं नाही. उत्तर नाही म्हणजे हरकत नाही, असं धरून त्यांनी 'मोकळी आज्ञावली मंडळ' स्थापन केलं. मंडळाची घटना माझ्याकडून टाइप करून घेतली. टायपिंगच्या पंचवीस वर्षांत मी टाइप केलेला तो सगळ्यात छोटा कायदा: 'घ्यावी. वाचावी. बदलावी. दुसऱ्यास द्यावी. झाकू नये.' त्यानंतर एकच कलम, की जो बदल करेल त्याने बदल, कारण आणि नाव लिहून रविवारी सगळ्यांपुढे मोठ्याने वाचावं. लोकांना पटलं तर बदल राहील, नाही तर जाईल.

मी पहिला सभासद. संगणक माझा धंदा गिळायला आलाय हे मला दिसत होतं, तेव्हा म्हटलं आपण निदान त्याच्या दातांची ओळख करून घ्यावी.

मंडळाचं पहिलं काम पिठाच्या गिरणीसाठी होतं. वीज गेली की गिरणीबाहेर डब्यांची रांग लागायची, वीज आली की रांगेवरून भांडणं. साहेबांनी आज्ञावली लिहिली: ज्याचा डबा आधी, त्याचं दळण आधी. काम चोख झालं. अडचण एवढीच की गिरणी बंद पडली की त्याच विजेवरचा संगणकही बंद पडायचा, त्यामुळे ज्या वेळी रांग लागायची नेमकी त्याच वेळी रांग कळायची नाही. साहेबांनी यावर रांगेचा कागद आधीच छापून ठेवायचा तोडगा काढला. तोही चालला. मग आठ दिवसांनी कडूबाई आल्या.

कडूबाई साठीच्या. पावसावरची तीन एकर एकटीने करायच्या, आणि अक्षरओळख प्रौढांच्या वर्गात झालेली. वर्ग बंद पडल्यावर वाचायला काही मिळेना, म्हणून साहेबांचे कागद वाचत. त्यांनी डबा डोक्यावरून खाली न ठेवता विचारलं, "इंजिनेर, ह्ये तीस नंबरला कुनी लिवलं?"

"मी."

"तुमी कदी दळन आनलं हाय का?"

"नाही."

"मग बरोबर हाय. बाजरीवर गहू टाकला तर गव्हाची चपाती काळी पडती. समदे गहू एका दमात घ्या, मग समदी बाजरी. डबा आदी का मंग, ते त्याच्यात बघा."

आठवडाभर डोकं लावून जे साहेबांना सुचलं नव्हतं ते बाईंनी दोन वाक्यांत सांगितलं. साहेबांनी खुर्ची सोडली, बाईंना बसवलं आणि पेन दिलं. रविवारी कडूबाईंनी आपला बदल वाचला: "बदल, गहू पयला. कारन, चपाती. नाव, कडूबाई." टाळ्या पडल्या. त्या दिवसापासून बाई मंडळाच्या झाल्या आणि त्यांना आज्ञावलीच्या ओळी नंबरासकट पाठ होऊ लागल्या. लोकांना अभंग पाठ असतात तशा.

पण मंडळाचं नाव झालं ते पाण्याच्या आज्ञावलीमुळे, आणि मंडळ संपायची वेळ आली तीही तिच्यामुळेच.

भंडारदऱ्याचं पाणी कालव्याने आमच्याकडे येतं. येतं म्हणजे निघतं. वाटेत त्याला इतके लोक भेटतात की आमच्या चारीच्या, म्हणजे पोटकालव्याच्या, शेपटाला, ज्याला आम्ही टेल म्हणतो, तिथे पोचेस्तोवर ते दमलेलं असतं. आवर्तन सुटलं, म्हणजे कालव्याला पाणी सोडलं, की गावाची पाणी सोसायटी ठरवणार, कुणाच्या वावरात कधी पाणी. या रांगेला शेजपाळी म्हणतात. आमच्याकडे शेजपाळी चेअरमनच्या डायरीत असायची. डायरी त्यांच्या खिशात असायची. आणि खिशाला बटण होतं. लोक पाळी विचारायला जायचे, चेअरमन बटण उघडायचे, डायरीत बघायचे, बटण लावायचे आणि म्हणायचे, "तुझं गुरुवारी." कोणत्या गुरुवारी ते डायरीलाच ठाऊक. टेलच्या काही वावरांनी पाटाचं पाणी फक्त डायरीतच पाहिलं होतं, तेही लांबून.

साहेबांनी सोसायटीच्या सभेत उभं राहून सांगितलं, की शेजपाळीची आज्ञावली मंडळ लिहील, फुकट, आणि ती अख्खी सोसायटीच्या भिंतीवर चिकटवू. जिला समजेल तिने वाचावी, ज्याला खटकेल त्याने बोलावं. त्रेचाळीस सभासदांनी असा काही होकार दिला, की चेअरमनना नाही म्हणायला फट मिळेना. पण गडी हुशार. ते म्हणाले, "माझी हरकत न्हाई. फकस्त येक अट. मशीन हाय, चुकनार न्हाई असं तुमी म्हंता. येक चूक निघाली, येकच, की मशीन माळ्यावर आन पाळी परत डायरीत. कबूल?"

"कबूल," साहेब म्हणाले.

मी त्यांचा सदरा मागून इतका ओढला की शिवण उसवली. पण शब्द गेला होता.

संगणक सोसायटीच्या ऑफिसात आला आणि बाहेर ओट्यावरची भिंत भरली. चोपन्न ओळी. इंग्रजी हुकुमांच्या शेजारी साहेबांनी लाल शाईने मराठी लिहिलं: जर, तर, नाहीतर, अमुक ओळीला जा. पहिल्या आठवड्यात लोक नुसते बघत. दुसऱ्या आठवड्यात बोट ठेवून वाचू लागले. महिन्याभरात गाव ओळींच्या नंबरात बोलायला लागलं. "कुठं निगालास?" "दोनशे ऐंशीला," म्हणजे पाळी आली, पाण्याला दारं धरायला चाललो. एका सोयरिकीत मुलीच्या बापाने सांगितलं, "आमची येकच अट, पन ती साडेतीनशेची," आणि मुलाकडचे तडक उठले, कारण साडेतीनशेव्या ओळीत 'मागचा सगळा हिशोब पुसून पुन्हा सुरू करा' असं होतं. सोयरीक जुळली की नाही ते मला आठवत नाही. पण ओळ बरोबर होती.

बाहेरगावचेही यायला लागले. वरच्या अकोले तालुक्यातून एक जण आला, त्याने भिंत वहीत उतरवून घेतली आणि भातलावणीला कुणाच्या खाचरात आधी माणसं जायची त्यासाठी ती वापरली. पाथर्डीचा एक आला. त्याला मी म्हटलं, "तुमच्याकडं कालवा कुठं हाय?" तो म्हणाला, "न्हाई ना. पर टँकर येतो. त्येच्याम्होरं हंडे लावायला ही बरी हाय." त्याने पाण्याच्या जागी हंडा घातला, बाकी सगळं तेच. खाली त्याने बदल, कारण, नाव लिहिलं आणि एक प्रत पोस्टाने साहेबांना पाठवली. साहेबांनी ती भिंतीवर आपल्या आज्ञावलीच्या वर लावली. मान म्हणून.

त्याच सुमाराला सोसायटीत चव्वेचाळिसावा सभासद आला, रशीदभाई. त्यांचं वावर अगदी टेलला. भावाभावांत वाटणी झाली आणि सतरा वर्षं मोठ्या भावाच्या नावावर राबलेल्या रशीदभाईंना पहिल्यांदा स्वतःच्या नावाची पाळी मिळायची होती. त्यांनी दीड एकर कांदा लावला. साहेबांनी त्यांचं नाव यादीत घातलं, कागद बदलून भिंतीवर लावला, आणि चारशे दहाव्या ओळीला हात लावायचं विसरले. त्या ओळीत एकच आकडा होता: सभासद किती. तिथे त्रेचाळीस होते, त्रेचाळीसच राहिले.

मशीनने सांगितलं तेवढंच केलं. त्रेचाळीस माणसं मोजली, चव्वेचाळिसाव्याच्या दाराशी जाऊन मागे फिरलं, आणि आवर्तनात उरलेलं पाणी नियमाप्रमाणे परत क्रमांक एकला दिलं. क्रमांक एक स्वतः साहेब होते, कारण आज्ञावली चालते का ते बघायला पहिलं नाव त्यांनी आपलंच घातलं होतं. आणि त्यांच्या वावराला उतार आहे. तो माझ्याकडे आहे.

साहेबांना शेतीतलं काही कळत नव्हतं. जनावर एकही नसताना ते जनावरांचा घास पेरायचे आणि लोकांना मोकळा सोडायचे. वावरात ते वर्षातून दोनदा जात. त्या शनिवारी गेले आणि दुपारी माझ्या इन्स्टिट्यूटच्या दारात उभे राहिले, तेव्हा एका पायात चप्पल होती आणि दुसरा पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचा.

"टायपिंगवाले, माझ्या वावरात पाणी आहे."

"चांगलंय की."

"चांगलं नाही. यायला नको होतं." त्यांनी बगलेतला कागद माझ्या टेबलावर पसरला. "चारशे दहा बघा."

मी बघितलं. खरं सांगायचं तर मला बघायची गरज नव्हती. महिनाभर माझा गहू शिवारात सगळ्यांत हिरवा होता. मी तो माझ्या कष्टाचा गुण म्हणून दहा जणांना दाखवला होता, त्यातल्या दोघांना बियाणंही देऊ केलं होतं. एका रविवारी भिंतीजवळ उभं असताना चारशे दहा माझ्या डोळ्यांना टोचली होती. मी मान फिरवली आणि चहा प्यायला गेलो.

"साहेब," मी म्हटलं, "तिनाचा चार करा. एक कळ दाबायची. कागद बदलून टाकू. कुणाला कळणारे?"

"मला."

"तुम्हाला कळलेलंच आहे. आता आणखी काय कळायचंय?"

मी जोर केला. "अट आठवतीय ना? एक चूक, की मशीन माळ्यावर. तुम्ही उद्या हे वाचलंत की परवा डायरी. मग रशीदभाईला कुठलं पाणी? त्याच्यासाठी तरी झाका."

हे त्यांना लागलं. ते बराच वेळ चिखलाच्या पायाकडे पाहत बसले. माझी एक विद्यार्थिनी तोवर बायोडेटा टाइप करून, चुका दुरुस्त करून, घरी गेली.

"त्याच्यासाठी झाकलं," शेवटी ते म्हणाले, "तर उद्या चेअरमनसाठी झाकता येईल. झाकायची युक्ती एकच असते." आणि एका चपलेनिशी गेले.

रविवारी सोसायटीच्या ओट्यावर सगळं गाव होतं. साहेब उभे राहिले. आवाज नेहमीचाच, दळणाची रांग वाचावी तसा. "बदल, ओळ चारशे दहा, त्रेचाळीसच्या जागी चव्वेचाळीस. कारण, माझी चूक. यात रशीदभाईंची एक पाळी बुडाली आणि ते पाणी माझ्या वावरात गेलं. नाव," आणि त्यांनी आपलं पूर्ण नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट.

ओट्यावरच्या सगळ्या माना एकदम भिंतीवरच्या चारशे दहाकडे वळल्या.

चेअरमन उठले. त्यांना हसू आवरत नव्हतं, पण त्यांनी ते टोपी नीट करायच्या निमित्ताने आवरलं. "साहेब, तुमी सोताच सांगितलं, मोठं मन हाय तुमचं. पन ठरल्याला जागायचं का न्हाई?"

"जागायचं," साहेब म्हणाले, आणि आत जाऊन स्वतःच मशीनच्या वायरी काढायला लागले.

"थांबा की वो," मागून आवाज आला. रशीदभाई होते. ते सभेत कधी बोलत नसत. "पाळी माजी बुडली. मला कुनी इचारनार हाय का न्हाई?"

साहेब हातात वायर घेऊन बाहेर आले. "माफ करा, रशीदभाई. तुमचा कांदा—"

"कांदा गेला. गोट्याएवढा ऱ्हायला. पोरं खेळत्यात त्येनं. पन ती चूक मला ठाव हुती."

"कधीपासून?"

"पयल्या दिसापासून. भितीवर नावं चव्वेचाळीस, खाली त्रेचाळीस. मी रोज वाचायचो. पयल्यांदा वाटलं, आपन नवा मानूस, मशीनला वळख पटाया येळ लागत आसंल. मंग कळलं का चूक हाय."

"मग बोलला का नाहीत?"

रशीदभाईंनी चेअरमनकडे बघितलं, मग साहेबांकडे. "बोललो आस्तो तर मशीन माळ्यावर. मंग डायरी. डायरीत मी सतरा वरसं न्हवतोच, साहेब. हितं निदान भितीवर नाव तरी हुतं. म्हनलं, येक कांदा जाऊ द्या."

साहेबांना मी तेवढं एकदाच रागावलेलं पाहिलं. चेअरमनवर नाही, रशीदभाईंवर नाही, आमच्यावर. ते ओट्याच्या कडेला आले आणि ओरडले, "मग मी हे भिंतीवर कशाला चिकटवतो? सजावट म्हणून? आणखी कुणाला दिसलं होतं? हात वर करा!"

एक हात वर आला. मग आणखी एक. मी मोजत गेलो आणि सोळाव्याला माझा होता. कडूबाईंचा पहिला होता. त्या रडवेल्या झाल्या होत्या. "मला वाटलं, तुमी शिकलेलं, तुमी काय तरी धरूनच लिवलं आसंल," त्या म्हणाल्या.

चेअरमनच्या माणसांनी शिडी आणली. मशीन, पडदा, प्रिंटर, तिन्ही माळ्यावर गेले, जुन्या मतपेट्यांच्या आणि फुटक्या कर्ण्यांच्या मधे. साहेबांनी स्वतः खालून धरलं. वर नीट बसलं का विचारलं. शिडी काढली. चेअरमननी खिशाचं बटण उघडलं, डायरी काढली आणि म्हणाले, "मंगळवारी आवर्तन सुटतंय. पयली पाळी—"

"दहा," कडूबाई म्हणाल्या.

चेअरमन थांबले. "काय?"

"दहा नंबर. यादी घ्या." बाई भिंतीकडे पाठ करून उभ्या होत्या. बघायची गरजच नव्हती. "ठरलं हुतं मशीन माळ्यावर. ग्येलं. भित कुटं माळ्यावर ग्येली? चला रं, यादीपरमानं रांगंत हुबं ऱ्हावा. वीस नंबर!"

आणि लोक उभे राहिले. मी उगाच वाढवून सांगत नाही, चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस, ज्याच्या घरी कुणी आजारी त्याच्या जागी त्याची बायको. कडूबाई ओळ म्हणत होत्या आणि माणसं ती करत होती. "शंबर चाळीस! म्होरच्याची मागची पाळी इचारा. तुमची त्येच्या आदीची आसंल, तर जागा बदला. नसंल, तर हुबं ऱ्हावा. झालं? परत शंबर चाळीस!" मशीन आत जे करत होतं तेच, फक्त आता ते ओट्यावर दिसत होतं. धूळ उडत होती, धोतरं अडकत होती, एकाने चुकीची तारीख सांगितली तर त्याच्या बायकोने रांगेबाहेरून ती दुरुस्त केली.

रशीदभाई सगळ्यांत शेवटी उभे होते आणि त्यांची मागची पाळी झालीच नव्हती. म्हणजे प्रत्येक खेपेला त्यांनी विचारायचं, पुढच्याने जागा द्यायची. एकेक माणूस त्यांच्याशी तोंडातोंडी येऊन मागे जात होता. कुणी खाली बघत होतं, कुणी खांद्यावर हात ठेवत होतं. माझ्यासमोर आले तेव्हा मी म्हटलं, "रशीदभाई, माझा गहू—"

"ठाव हाय," ते म्हणाले. आणि पुढे सरकले.

चेअरमनही रांगेत होते. सभासद क्रमांक सतरा. रांगेत उभं राहिलं नाही तर पाळी जाते, हे त्यांना कडूबाईंनी ओळ नंबरासकट सांगितलं होतं. रशीदभाई आले तसे त्यांनी डायरी खिशात टाकली, कारण गर्दीत ती कुणाच्या तरी डोळ्याला लागत होती, आणि एक पाऊल मागे घेतलं.

"चारशे धा!" कडूबाई ओरडल्या. "किती?"

"चव्वेचाळीस!" लोक ओरडले.

पहिली पाळी रशीदभाई, मंगळवार, सकाळी सहा. कडूबाईंनी कोळशाने भिंतीवर लिहिलं.

एवढा वेळ साहेब कुठे होते ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. ते रांगेतच होते, आपल्या पाळीप्रमाणे अगदी शेवटी. घाम पुसत त्यांनी हात वर केला. "बाई, एक सुचतंय. शंभर चाळीसला रांगेच्या दोन्ही टोकांनी सुरुवात केली तर काम अर्ध्या वेळात होईल."

कडूबाईंनी त्यांच्या हातात कोळसा दिला. "लिवा. बदल, कारन, नाव."

त्यांनी लिहिलं आणि मोठ्याने वाचलं. बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "दोन टोकानं सुरू केलं, तर मदी गाठ पडंल तिथं कोन कुनाला इचारनार? मारामारी हुईल. हात वर करा, ज्यास्नी नगं वाटतंय."

मी मोजले. विरोधात चव्वेचाळीस. त्यातला शेवटचा हात साहेबांचा. त्यांना बाईंचा मुद्दा पटला होता.